घर आधी, टेकडी मागाहून

पुण्यात वास्तुकला शिकणारी एक मुलगी सुट्टीत ‘द सिम्स ४’ या खेळात टेकडीवरचं घर बांधायला बसली. खेळातली सगळ्यात मोठी जागा ६४ बाय ६४ चौकोनांची, तिनं तीच घेतली. जमीन उंचसखल करायची सोय या खेळात २०१८ साली आली, खोलीतच पातळी चढवणारे चौथरे २०२० साली. तरी घराच्या पायाखालची जमीन सपाटच लागते. म्हणून मुरलेले खेळाडू उलटं काम करतात: घर आधी उभं करायचं, टेकडी मागाहून त्याच्या अंगाला चिकटवायची. कोकणातला गवंडी हे ऐकून पोट धरून हसेल.

खेळ एकट्या माणसाच्या नव्या कुटुंबाच्या हातावर २० हजार सिमोलियन ठेवतो. तेवढ्यात तिच्या दरीकडच्या काचाही बसल्या नसत्या. तिनं ‘मदरलोड’ हा परवलीचा शब्द वापरला, ५० हजार आले. परत वापरला, परत आले. घर तीन मजली झालं. झोपायच्या खोल्या सगळ्यात वर, कारण देखावा तिथून. स्वयंपाकघर तळाला, पोहण्याच्या तलावाला लागून. संडास-न्हाणीघर मधल्या मजल्यावर एकच, आणि त्याच्या दारात माडाची डौलदार कुंडी. कुंडीला तिथं जागा नव्हती, पण वस्तू एकमेकींत घुसवू देणारी चोरवाटही खेळात आहे. फोटो असे आले की मैत्रिणी वेड्या झाल्या.

धाकट्या भावाला बांधकामात रस नव्हता. त्याला माणसं खेळवायला आवडायची. त्यानं त्या घरात आई, बाप आणि एक शाळकरी पोरगा आणून ठेवले.

पहिल्याच सकाळी बाप न्हाणीघरापाशी थबकला, डोक्यावर हात हलवून बोंबलू लागला. कुंडीमुळे आत शिरता येईना. थोड्या वेळानं व्हायचं ते तिथंच झालं. पोरगा वरून खाली न्याहारीला निघाला. खेळातलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, त्यामुळे त्या देखण्या लांबलचक जिन्यांनी त्याची निम्मी सकाळ खाल्ली. शाळा बुडाली.

“ताई, तुझ्या घरात कुणी राहूच शकत नाही.”

“मूर्ख आहेत ती माणसं,” ताई म्हणाली. “घर बघ ना!”

भावानं तिला गप्पांच्या ओघात एक गोष्ट सांगितली. हा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला त्या विल राइटचं घर १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या वणव्यात जळालं. नव्यानं संसार मांडताना, माणसाला नेमकं काय काय लागतं, या विचारात तो पडला. त्याला खरं तर घरबांधणीचाच खेळ करायचा होता. घर चांगलं की वाईट हे ठरवायला कुणीतरी हवं, एवढ्यासाठी त्यात छोटी माणसं सोडली. २००० साली ‘द सिम्स’ बाजारात आला तोवर ती परीक्षक माणसंच अख्खा खेळ होऊन बसली होती.

“म्हणजे ही तुझी मार्कं आहेत,” बोंबलणाऱ्या बापाकडे बोट दाखवून भाऊ म्हणाला. धाकट्यांना असं बोलायला फार मजा येते.

ताई रुसली. पण संध्याकाळी ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि काहीही न बांधता, पोरगा उठल्यावर कुठं जातो, त्याची आई रात्री कशासाठी उठते, एवढंच बघत राहिली. मग तिनं हत्यार उचललं. कुंडी गच्चीवर गेली. वरच्या मजल्यावर न्हाणीघर आलं, स्वयंपाकघर तिथंच सरकलं आणि त्यापायी देखाव्याची अर्धी काच भिंतीखाली गेली. वरच्या खोलीतून थेट मागच्या उतारावर दार काढलं. टेकडी होतीच, तिचा पहिल्यांदा उपयोग झाला.

“आता फोटोत काही खास नाही दिसत,” भाऊ म्हणाला.

“नसू दे. पोरगा शाळेत पोचला?”

“पोचला. पण त्याच्या आईला रांधता येत नाही. शेगडी पेटलीय.”

“मागचं दार मोकळं आहे ना? काढ तिला तिथून,” ताई म्हणाली आणि धूर सांगणारी घंटा कुठल्या यादीत मिळते ते शोधू लागली.