आधी सुनेला विचारलेत का?



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सेनंतर एक निवेदन वाचण्यात आले. धर्मप्रांतातील आदिवासी पाड्यांवर वर्षभर सेवा देण्याची इच्छा असलेल्या प्रापंचिकांसाठी प्रशिक्षण सुरू होणार होते आणि निवृत्त जोडप्यांनी अवश्य पुढे यावे, असे आवाहन होते. आम्ही उभयतांनी त्याच दिवशी नावे दिली. आमची वये ६७ आणि ६४. एकाची हयात रेल्वेत गेली, दुसरीची प्राथमिक शाळेत. वाडी आहे, विहीर आहे, पेन्शन आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात.

बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. कोणी म्हणाले, "आता या वयात कशाला? रोझरी करा, नातवंडे खेळवा." त्यांच्यासाठी आमचे उत्तर तयार होते. अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता (उत्पत्ती १२:४). मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा (निर्गम ७:७). बायबलमध्ये म्हाताऱ्यांना सुट्टी नाही, असे आम्ही हसत हसत सांगत होतो. खरे म्हणजे आम्हाला थोडा अभिमानही वाटत होता. इतकी वर्षे मिशन रविवारी आम्ही पाकिटात पैसे घातले, केळीचा लोंगर लिलावाला दिला आणि काम मात्र दुसऱ्या कोणीतरी केले. आता आपली पाळी आली, असे वाटले.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी फादरांनी एक साधा प्रश्न विचारला. "नाव देण्याआधी तुम्ही कोणाकोणाला विचारलेत?" आम्ही सांगितले, प्रमुख धर्मगुरूंना विचारले, डॉक्टरांना विचारले, एकमेकांना तर विचारलेच. "आणि घरी?" आम्ही म्हणालो, "घरी सांगितले, फादर." त्यावर ते म्हणाले, "सांगितलेत. विचारलेत का? आधी सुनेला विचारलेत का?"

आम्ही गप्प बसलो. आमचा मुलगा आणि सून दोघेही सकाळी सातच्या सुमाराची लोकल पकडतात आणि रात्री आठपर्यंत घरी येतात. चार वर्षांची नात आमच्याकडे असते. तिला शाळेतून आणणे, भरवणे, झोपवणे, ताप आला तर रात्र जागवणे, हे सारे आमच्याकडे आहे. महिन्यातले पंधरा दिवस आम्ही पाड्यावर राहणार म्हटल्यावर त्या पंधरा दिवसांचे काय, हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता असे नाही. तो आला होता आणि आम्ही तो बाजूला सारला होता. देवाचे बोलावणे आहे, तो मार्ग काढील, असे म्हणून.

देव बोलावतो तेव्हा घरच्यांची परवानगी घ्यायची असते का? घरी परतताना रिक्षात आमच्यात याच प्रश्नावरून वाद झाला. एकाचे म्हणणे असे, की जो मुलाला किंवा मुलीला माझ्याहून अधिक मानतो तो मला योग्य नाही, असे प्रभू येशू स्पष्ट सांगतो (मत्तय १०:३७). घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्या माणसालाही त्याने नांगराला हात घातल्यावर मागे पाहू दिले नाही (लूक ९:६१-६२). दुसरीने मार्कच्या सातव्या अध्यायातला 'कुर्बान' काढला. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे म्हणायचे आणि मोकळे व्हायचे, अशी तेव्हा एक रीत होती. प्रभू येशूने त्या रीतीची कठोर निर्भर्त्सना केली. हे वचन आपण सहसा तरुणांना ऐकवतो, आईबापांकडे दुर्लक्ष करू नका म्हणून. ते म्हाताऱ्यांनाही लागू पडू शकते, हे आम्हाला कधी सुचले नव्हते.

दोन्ही वचने एकाच प्रभूची. मग आमच्यासाठी त्यातले कोणते? बरेच दिवस विचार केल्यावर आम्हाला असे दिसले, की लूकच्या शुभवर्तमानातला माणूस घराची सबब सांगून देवाचे काम पुढे ढकलतो, आणि मार्कमधली माणसे देवाची सबब सांगून घराचे काम टाळतात. प्रभू घराला नाही म्हणत नाही आणि मंदिरालाही नाही म्हणत नाही. त्याला सबब चालत नाही. तेव्हा आपण कशापासून पळतो आहोत, एवढेच आम्हाला स्वतःला विचारायचे होते.

विचारले, आणि उत्तर ऐकून लाज वाटली. आम्ही दमलो होतो. मूल गोड असले तरी साठीनंतर दिवसभर त्याच्यामागे धावणे सोपे नाही, आणि त्याबद्दल कोणी आभार मानत नाही. शाळेच्या फाटकाशी उन्हात उभ्या राहिलेल्या आजीला कोणी मिशनरी म्हणत नाही. पाड्यावर जाणारीला म्हणतात. आमच्या इच्छेत प्रभूचे प्रेम नव्हते असे नाही, पण त्यात सुटकाही होती आणि थोडे नावही होते. किती प्रेम आणि किती सुटका, हे आम्हाला आजही नेमके सांगता येत नाही. मात्र हेतू शंभर टक्के शुद्ध होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर कोणी कधीच घराबाहेर पडणार नाही, हेही खरे आहे.

शेवटी एका रात्री जेवण झाल्यावर आम्ही सुनेला विचारले. सांगितले नाही, विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तुम्ही जाऊ नका असे मी कधीच म्हटले नसते. पण आळीतल्या लोकांकडून मला आधी कळले." मुलगा मात्र चिडला होता. "देवासाठी वेळ आहे, नातीसाठी नाही?" असे तो बोलून गेला. त्याला आम्ही उत्तर दिले नाही. त्याच्या बोलण्यात राग होता, पण प्रश्न खोटा नव्हता.

त्यानंतर घरात जे ठरले ते असे. यंदा फक्त प्रशिक्षण. नात पूर्ण वेळेच्या शाळेत जाऊ लागली की महिन्याला पंधरा नव्हे, आठ दिवस पाड्यावर. फादरांना सांगितले तेव्हा वाटले, ते नाराज होतील. ते म्हणाले, "आठ दिवस पुरेसे आहेत. तिथे तुमच्यावाचून काही अडलेले नाही." ऐकायला बरे वाटले नाही, पण पुढचे प्रशिक्षण समजायला त्याचा फार उपयोग झाला.

कारण प्रशिक्षणात आम्हाला बोलायला शिकवतील अशी आमची समजूत होती. शिकवतात ते ऐकायला. आदिवासी भागात अनेक वर्षे काम केलेल्या एका सिस्टरांनी आम्हाला बजावले आहे, की पहिले सहा महिने उपदेश नाही. जुने कपडे आणि खाऊ घेऊन जायचे नाही. फोटो काढायचे नाहीत. बसायला सांगतील तिथे बसायचे, देतील ते खायचे, वारली बोली कानावर पडू द्यायची. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याआधी ते जपानी लोकांत राहून, व्यापार करून त्यांची भाषा सफाईने बोलू लागले होते, याकडे आपले लक्ष कमी जाते.

आमचे एक हिंदू शेजारी अर्धे थट्टेत म्हणाले होते, "धर्मांतर करायला चाललात वाटते?" त्यांनाही आता उत्तर देता येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन दस्तऐवज एकाच दिवशी जाहीर केले. एक मिशनकार्याविषयी, दुसरा धर्मस्वातंत्र्याविषयी. ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी आहे असे पहिला सांगतो आणि त्याच दस्तऐवजात कोणावर बळजबरी करायला किंवा कोणाला आमिष दाखवायला सक्त मनाईही आहे. शेजाऱ्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही ते कळले नाही. चहा मात्र झाला.

जोडप्याने मिळून प्रभूचे काम करण्याचा विचार करताना अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हटकून आठवतात. तंबू शिवणारे हे नवराबायको. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवून दिले म्हणून ती करिंथला आली, पुढे इफिसला गेली. त्यांनी पौलाला घरात ठेवून घेतले, अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन मार्ग नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये १८). पौलाच्या पत्रांत त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे. जातील तिथे त्यांचे घर त्यांच्याबरोबर गेले, आणि कामही घरातच झाले. अब्राहाम निघाला तेव्हा सारेला त्याने विचारले होते की नाही, हे मात्र बायबल सांगत नाही. आमच्यातल्या दुसरीचे यावर स्वतःचे मत आहे.

आणखी एक गोष्ट सिस्टरांनी सांगितली. पुनरुत्थित प्रभू पेत्राला म्हणाला होता, की तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिथे नेईल (योहान २१:१८). आम्ही आजवर हे फक्त पेत्राच्या मरणाविषयी आहे असे समजत होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली वृद्धत्वावर दिलेल्या धर्मशिक्षणात हाच उतारा घेतला होता. आम्हाला निघायचे होते पाड्यावर, आणि तूर्त नेले जात आहे शाळेच्या फाटकाशी. पुढच्या वर्षी कदाचित उलटे होईल. गुडघे तोवर टिकतील का, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

येत्या शनिवारी प्रशिक्षणाचा पाचवा वर्ग आहे. त्या दिवशी सुनेला ऑफिस आहे आणि नातीच्या शाळेला सुट्टी, म्हणून आमच्यापैकी एकालाच जाता येईल. कोणी जायचे, ते अजून ठरलेले नाही.