माका नाका

अंधेरीत मरोळ नाका आहे, मुलुंडला चेकनाका. त्यामुळे उपनगरात वाढलेल्या एखाद्या पोराला ‘ईना मीना डीका’मधला ‘माका नाका’ हा बसचा थांबा वाटला, तर त्याला हसू नये. गाणं १९५७च्या ‘आशा’मधलं. संगीत सी. रामचंद्र यांचं, गीतकार राजेंद्र कृष्ण, आवाज किशोरकुमारचा. आशा भोसल्यांनीही ते वेगळं गायलंय. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ते सुरू झालं की मंडपातली लहानथोर मंडळी नाचायला लागतात. अर्थ विचारायचा नसतो, हे सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकलंय.

बोरिवलीच्या आयसी कॉलनीतला गोवेकर मात्र इथे कान टवकारेल. घाटकोपरच्या चाळीतली मालवणी आजीसुद्धा. ‘माका’ म्हणजे मला, हे तिला कुणी सांगायला नको; आणि गोव्याच्या कोकणीत ‘नाका’ म्हणजे नको. एवढ्या धांगडधिंग्यात चक्क एक धडधडीत नकार!

तो तिथे शिरला कसा, याची एक हकीकत सांगतात. सी. रामचंद्रांच्या म्युझिक रूमबाहेर मुलं खेळत होती आणि राज्य कुणावर हे ठरवायला ‘ईनी मीनी मायनी मो’ म्हणत होती. म्हणजे त्या मुलांचं अडम तडम. आत सी. रामचंद्र, म्हणजे अण्णा, आणि त्यांचे सहाय्यक जॉन गोम्स चालीच्या मागे होते. बाहेरचे बोल त्यांनी उचलले, वाकवले, पुढे वाढवत नेले. आणि गोम्स गोव्याचे, त्यांनी घरचे दोन शब्द त्यात सोडून दिले. सिनेमातल्या हकीकतींना तिखटमीठ लागलेलं असतंच. तरी ही मला पटते, कारण पुणतांब्याला जन्मलेल्या अण्णांच्या तोंडी ‘नको’ आला असता, ‘नाका’ नव्हे.

या ‘सहाय्यक’ शब्दाखाली त्या काळी फार काही झाकलं जाई. संगीतकार पेटीवर चाल सांगे. तिची नोटेशन लिहिणं, व्हायोलिनांनी कुठे उठायचं आणि ट्रम्पेटने कुठे घुसायचं हे ठरवणं, हा बहुतेक गोवेकरांचा प्रांत. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही माणसं पोटासाठी मुंबईला आली होती. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा होते, अण्णांकडे चिक चॉकलेट. श्रेयनामावलीत यांची नावं एक तर बारीक अक्षरांत, नाही तर नाहीतच.

आता कुणी म्हणेल, हा नकार राजकीय होता. मोह मलाही होतो. पुढे दहाच वर्षांनी, १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का या प्रश्नाला गोव्याने बहुमताने हेच उत्तर दिलं: माका नाका. पण १९५७ साली गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि गोम्सना तालात बसणारी चार अक्षरं हवी होती. विलीनीकरणाचं ओझं त्यांच्यावर लादायचं कारण नाही.

या पडद्यामागच्या गोवेकरांत संगीतकार प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस नशीबवान. शिष्याच्या आग्रहामुळे १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांच्या नावाचंच गाणं झालं. जॉन गोम्स यांच्या वाट्याला आले दोन शब्द, आणि रेकॉर्डवर तेही राजेंद्र कृष्णांच्या खात्यात जमा आहेत.