दुःखाचा कर्ता कोण?

मनुष्याला दुःख होते ते घडलेल्या घटनेमुळे, की त्या घटनेविषयी त्याच्या बुद्धीने केलेल्या निश्चयामुळे? हा प्रश्न फार जुना आहे. रोमन साम्राज्यातील एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने दुसरा पक्ष स्वीकारला होता. त्याचे ऋण मान्य करूनच न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. पुढे १९६० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक हेही आपल्या मार्गाने तेथेच पोहोचले. खिन्न रुग्णाच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी व भविष्याविषयी प्रतिकूल विचार आपोआप उठत राहतात आणि तो ते तपासून न पाहता सत्य मानतो, असे त्यांना आढळले.

महाराष्ट्राला ही विचारसरणी परकी राहिली नाही. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. किशोर फडके यांनी १९६८ पासून एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धती येथे रुजविली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही तिचा प्रसार केला.

या पद्धतीचे मर्म एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन विद्यार्थी एकाच परीक्षेत अनुत्तीर्ण होतात. एक म्हणतो, "हे घडावयास नको होते, वाईट झाले, पुन्हा अभ्यास केला पाहिजे." दुसरा म्हणतो, "मी उत्तीर्ण झालोच पाहिजे होतो. झालो नाही, म्हणून मी कवडीमोलाचा आहे." घटना एकच, परंतु पहिल्याच्या वाट्याला खेद येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला आत्मधिक्कार. पहिल्याची इच्छा इच्छाच राहिली, दुसऱ्याच्या इच्छेचा हट्ट झाला. हा हट्ट ओळखणे व युक्तिवादाने सैल करणे, हे उपचाराचे मुख्य कार्य होय.

गीतेच्या अभ्यासकाला येथे दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांचे स्मरण होईल. विषयचिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, आणि तेथून स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश अशी परंपरा तेथे सांगितली आहे. या परंपरेचा आरंभ विषयापासून होत नाही, विषयाच्या चिंतनापासून होतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अर्थात दोहोंचे साध्य एक नव्हे. उपचाराचे साध्य स्वस्थ व्यवहार हे आहे. गीतेची दृष्टी त्यापलीकडे मोक्षापर्यंत जाते.

येथे एक गंभीर शंका उपस्थित होते. दुःख जर बुद्धीच्या निश्चयातून उपजते, तर दुःखी मनुष्यच आपल्या दुःखाचा अपराधी ठरतो काय? घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला "तुझा विचार बदल" असे सांगणे हा उपदेश की निर्दयपणा?

हे सांगणे निर्दयपणाचेच होईल, आणि या पद्धतीचा तो अर्थही नाही. एलिस यांनी खेद व खिन्नता, काळजी व चिंताविकार यांत भेद केला आहे. अन्यायाने दुःख होणे हा बुद्धीचा दोष नव्हे. "मी याच लायकीची आहे" हा निश्चय मात्र दोषयुक्त आहे. तो सुटला म्हणजे अन्याय न्याय्य ठरत नाही. उलट त्याचा प्रतिकार करण्याचे बळ येते. अर्जुनासमोरचे सैन्य उपदेशाच्या शेवटीही तेवढेच होते, युद्धही तेवढेच भयंकर होते. पालटली ती दृष्टी. आणि त्या पालटाने तो स्वस्थ बसला नाही, उभा राहिला.

दुसरी शंका अशी की, ज्याची बुद्धीच थकली आहे त्याला युक्तिवाद कितपत मानवेल? तीव्र खिन्नतेत मनुष्याला अंथरुणातून उठणेही जड जाते. तेथे वैद्यकीय उपचार टाळून केवळ विचारांवर विसंबणे धोक्याचे आहे. याच्या जोडीला कर्माचाही मार्ग आहे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने ४९५ खिन्न रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी निम्म्या रुग्णांना टाकून दिलेली लहान लहान कामे पुन्हा हाती घेण्यास साहाय्य केले. नेहमीच्या उपचाराला ही जोड मिळालेल्या रुग्णांत बरे होण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. विचार कर्माला चालना देतो, तसे कर्मही विचाराला सावरते.

तात्पर्य, आपल्या दुःखातील आपला वाटा शोधणे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या दुःखातील त्याचा वाटा त्याच्या तोंडावर फेकणे हा कोणाचाच अधिकार नाही. म्हणूनच कुशल उपचारक निर्णय देत नाही. रुग्णाच्या जोडीने त्याचा विचार तपासतो. भगवंतांनीही अठराव्या अध्यायाच्या ६३ व्या श्लोकात सर्व सांगून झाल्यावर निर्णय अर्जुनाच्याच विचारावर सोपविला. शोकाकुल मनुष्याजवळ बसणाऱ्या प्रत्येकाने एवढा संयम पाळावा, आणि बोलण्याआधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.