पुढच्या हातासाठी

जुनी लाकडी खुर्ची घरच्या घरी नवी करायला घेतली की पहिला प्रश्न असतो, रंग कोणता द्यायचा? मला वाटतं, त्याआधी तिच्यावर आज काय आहे ते पाहावं. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशचं स्पिरिट आणावं, त्यात कापसाचा बोळा भिजवावा आणि खुर्चीच्या खालच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडा वेळ दाबून धरावा. जागा चिकट झाली, बोळ्याला तांबूस रंग लागला, तर ते लाखेचं पॉलिश आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांची ही राळ. ती शुद्ध केली की चपडा होतो आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश. कितीही वर्षं झाली तरी ते बहुधा स्पिरिटनं पुन्हा सुटतं. म्हणूनच चहाच्या गरम कपानं उमटवलेलं पांढरं वर्तुळ घालवायला सगळी खुर्ची खरवडावी लागत नाही. सुती कापडात कापूस बांधून केलेली पुरचुंडी पॉलिशनं किंचित ओली करून फिरवत राहिलं की जुना थर मऊ होतो आणि नवा त्यात मिसळून जातो. जोड दिसत नाही. (काम चालू असताना जवळ गॅस, उदबत्ती काहीही पेटतं नको, स्पिरिट चटकन पेट घेतं.)

सांध्यांचंही तसंच. 1959 मध्ये फेविकॉल आलं आणि सुताराच्या कामातून सरस हळूहळू मागे पडला. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस गरम करून लावायचा. त्याला वास येई, तो ओलीत टिकत नसे, पण एक मोठा गुण त्यात होता: गरम पाण्याचं फडकं धरलं की तो पुन्हा मऊ होई आणि सांधा न तुटता सुटे. माझ्या आजोळच्या आरामखुर्चीचा डुगडुगणारा पाय असाच मोकळा केला, तेव्हा आत खाचेजवळ पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा दिसल्या. त्या खाचेत बसणाऱ्या कुसवावर तशाच दोन. शेजारच्या सांध्यावर तीन आणि तीन. कोणता तुकडा कुठे बसायचा, याच्या त्या खुणा. कुणाही सुताराला त्या खुणांवरून खुर्ची नीट परत जुळवता आली असती. ज्याचं नावही आम्हाला माहीत नाही, त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी फार आदर वाटला.

वेताची बैठक तर बदलण्यासाठीच असते. चौकटीला ओळीनं भोकं, त्यांतून विणलेला वेत. फाटला की काढायचा आणि नवा विणायचा. अनेक दृष्टिहीन कारागीर हे विणकाम नुसत्या बोटांच्या अंदाजानं इतकं समान करतात की पाहत राहावं.

म्हणजे जुन्या कारागिरानं वस्तू केली ती आज ना उद्या कुणीतरी उघडेल, हे गृहीत धरून. झीज होणारच, हे त्याला मान्य होतं. आज भुशाच्या दाबलेल्या फळीचं कपाट आपण घेतो. त्याचा स्क्रू एकदा निघाला की त्या भोकात पुन्हा धड बसत नाही, आणि पाणी लागलं की फळी फुगते ती फुगतेच. स्वस्त पडतं, मान्य. पण दुरुस्तीची वाट त्यात ठेवलेलीच नसते.

आणि मग ऑइलपेंट. कित्येक घरांत दिवाळी-गणपतीला डब्यात उरलेला रंग खुर्चीवर मारला गेला, हिरव्यावर क्रीम, क्रीमवर तपकिरी. खाली मात्र अनेकदा साग असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या ज्या सागाचं लाकूड 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून गेलं, त्याच जातीचा. अशा लाकडावरचा रंग उतरवणं मला मोलाचं वाटतं. पण सावकाश. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर ओला करून घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत, आणि निघालेला चोथा ओल्या फडक्यानं टिपून पिशवीत बांधून टाकावा. रंग जाळून काढू तर नयेच.

रंगाशी माझं वैर नाही. जंगली लाकडाचं फडताळ, देवदाराच्या खोक्यांतून केलेली मांडणी पहिल्यापासून रंगवलेलीच असायची. त्यांच्या फटी भरून, प्रायमर देऊन रंगाचे दोन हात पुन्हा द्यावेत, तेच त्यांचं रूप. सागाला आणि शिसवाला मात्र पॉलिशच द्यावं. आणि पॉलिश देताना सगळे डाग पुसायचा हट्ट धरू नये. खुर्चीच्या हातांवर हात टेकून टेकून जिथं लाकूड गुळगुळीत झालं आहे, तिथं पॉलिश पेपर लावूच नये. ती झीज घासून घालवली तर परत आणता येत नाही.

यापुढे घरात असं काही दुरुस्त कराल, तेव्हा शेवटी एवढं करा. बैठकीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा: कोणतं पॉलिश दिलं, कोणता गोंद वापरला, वर्ष कोणतं. पुढं ती खुर्ची ज्याच्या हातात जाईल, त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.