पोत आणि वीण

सुरतेच्या लिंबायतमध्ये कापड आधी बोटांना दाखवतात, मग डोळ्यांना. ताक्याची कड उलगडायची, अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळायची, आणि मगच भावाचं बोलायचं. माझे आबा नंदुरबारकडून सुरतेला आले आणि सगळा जन्म लूमच्या खात्यात राहिले. छपाईच्या रंगाला ते कधी भुलले नाहीत. गाजलेल्या जुन्या साडीची नवी आवृत्ती बाजारात आली की चोळून बघत आणि अहिराणीत म्हणत, "पोत नवा शे, वीण जुनीज शे." कधी याच्या उलटही म्हणत, आणि तेव्हा साडी हातातून खाली ठेवत.

हा भेद मला पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला. गेली पंधरा-सोळा वर्षं जुने व्हिडिओ गेम 'एचडी' होऊन परत येत आहेत. त्यांत लपतछपत खेळायचे, पहारेकऱ्याच्या पाठीमागून सरकत जायचे गेम बरेच. काही परत येतात तेव्हा जुना मित्र भेटल्यासारखं वाटतं. काहींत चेहरा तोच असतो, माणूस मात्र दुसराच. असं का होतं, याचं उत्तर आबांच्या दोन शब्दांत आहे.

आधी पोत. गेममधल्या भिंतीवर, झाडाच्या खोडावर, माणसाच्या कोटावर जे चित्र गुंडाळलेलं असतं त्याला गेम करणारे 'टेक्स्चर' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या विणण्याच्या क्रियापदावरून आला. एचडी करताना पहिलं काम या पोतावर होतं. जुन्या टीव्हीवरच्या चित्राचा हिशेब साधारण ६४०×४८०, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. त्याचं ७२० रेषांचं एचडी केलं की १२८०×७२०, म्हणजे ९,२१,६०० ठिपके, बरोबर तिप्पट. इंचात धागे वाढले की कापड घट्ट आणि झुळझुळीत दिसतं, तसंच हे.

वीण मात्र दिसत नाही. पहारेकरी तुम्हाला बघतो तो चित्रातल्या डोळ्यांनी नाही. त्याचं बघणं म्हणजे एक हिशेब असतो: किती अंशांच्या कोनात, किती पावलांवर, किती उजेडात. २००२ च्या 'स्प्लिंटर सेल'मध्ये तर पडद्याच्या कोपऱ्यात एक मापच होतं. तुम्ही किती अंधारात आहात हे त्यावर कळे, आणि पहारेकऱ्याचं बघणंही त्याच अंधारावर चाले. चित्र तिप्पट रेखीव केलं म्हणून त्याची नजर तिप्पट होत नाही. आपली नजर वाढते, त्याची तेवढीच राहते. लपण्याचा गेम या दोन नजरांमधल्या अंतरावर विणलेला असतो, म्हणून एचडीची खरी कसोटी याच जातीच्या गेममध्ये लागते.

ही वीण मुळात आली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. १९८७ साली हिदेओ कोजिमांनी जपानच्या एमएसएक्स-२ या घरगुती संगणकासाठी 'मेटल गिअर' केला. करायचा होता युद्धाचा गेम, पण त्या यंत्राला पडद्यावर एका वेळी फारशा हलत्या आकृत्या झेपत नव्हत्या. शत्रू, सैनिक, गोळ्या सगळं एकदम दाखवणं अवघड. मग त्यांनी डाव उलटवला: लढायचं नाही, लपायचं. पडद्यावर मोजकेच पहारेकरी ठेवले आणि त्यांची नजर चुकवणं हाच खेळ केला. म्हणजे यंत्राची अडचण या गेममध्ये उभा ताणा झाली आणि बाकीचं सगळं तिच्यावर आडवं विणलं गेलं. जुन्या गेममधली प्रत्येक उणीव दुरुस्त करायला निघालेल्या माणसानं आधी हे ध्यानात घ्यावं. तो ओढतोय तो सुटलेला धागा आहे की ताण्याचा?

दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ब्लूपॉइंट या स्टुडिओनं 'मेटल गिअर सॉलिड'चा दुसरा आणि तिसरा भाग एचडी करून दिला. चित्र स्वच्छ झालं, तिसऱ्या भागाची हालचाल सेकंदाला ६० चित्रांवर गेली, आणि पहारेकऱ्यांचे हिशेब होते तिथेच राहिले. पोत नवा, वीण जुनी. याच मालिकेचा १९९८ चा पहिला भाग त्याआधी, २००४ साली, 'द ट्विन स्नेक्स' या नावानं नव्यानं केला होता. त्यात दुसऱ्या भागातली सोय घातली: नायकाच्या डोळ्यांनी बघत नेम धरायचा. सोय चांगलीच होती, पण त्या गेमच्या खोल्या, वळणं आणि पहारे वरून बघत चालणाऱ्या खेळाडूसाठी मापलेले होते. आता दुरूनच भुलीची गोळी मारता येऊ लागली आणि लपण्याची गरजच बरीचशी संपली. एका साडीचा काठ दुसरीला लावावा, आणि काठ सुंदर असूनही साडी अंगावर नीट बसू नये, तसं झालं.

इथे आबांच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नक्षीचं कापड विणणाऱ्या जकार्डवर पूर्वी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चालायची. बाण्याचा एकेक धागा आडवा जाताना उभ्यांतले कोणते वर उचलायचे, हे ती भोकं ठरवत. आता पुठ्ठे गेले, नक्षी पेन ड्राइव्हमधून येते. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आलेल्या या युक्तीवरूनच इंग्लंडच्या बॅबेजना आपल्या गणितयंत्रासाठी भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना सुचली. म्हणजे लिंबायतचा लूम आणि संगणक हे लांबचे भाऊबंद आहेत. नक्षी साडीत दिसते, पण राहते पुठ्ठ्यांत. साडी कपाटात असेल आणि पुठ्ठे हरवले असतील, तर ती परत विणता येत नाही. डोळ्यांनी बघून नवी नक्षी काढावी लागते, आणि तिथे चूक होतेच.

गेमचे पुठ्ठे म्हणजे त्याचा मूळ कोड. 'सायलेंट हिल'चे दोन भाग २०१२ साली एचडी होऊन आले. ते करायला घेतले तेव्हा त्यांचा अंतिम कोड जपलेलाच नव्हता. करणाऱ्यांना अपुरा कोड मिळाला आणि उरलेलं त्यांनी जुळवून घेतलं. गेममधल्या सायलेंट हिल गावातलं धुकं जन्मलं होतं यंत्राच्या गरिबीतून, लांबचं दाखवता येत नाही म्हणून, आणि पुढे तेच त्या गावाचा प्राण झालं. नव्या आवृत्तीत ते विरळ पडलं आणि काही ठिकाणी गावाचं अर्धवट नेपथ्य उघडं दिसू लागलं. उलट गोष्ट जॉर्डन मेकनर यांची. त्यांच्या १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा कोड वर्षानुवर्षं सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात फ्लॉपींचं एक खोकं मिळालं. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्यातून कोड सुखरूप काढला आणि मेकनर यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला.

पुठ्ठे असूनही अर्थ हरवू शकतो. २०२१ मध्ये 'जीटीए'चे तीन जुने भाग नव्या रूपात आले. जुनी चित्रं रेखीव करायचं बरंचसं काम यंत्रावर सोपवलेलं होतं. एका डोनटच्या दुकानाचं नाव 'टफ नट', आणि पाटीवर लोखंडी नट. त्याचे सहा कोपरे हाच तिथला विनोद. नव्या रूपात कोपरे म्हणजे ओबडधोबडपणा ठरला आणि नट गुळगुळीत गोल होऊन गेला. लांबवरचं धुरकट वातावरणही निघालं, आणि गेममधलं मैलोगणती पसरलेलं वाटणारं राज्य एका नजरेत मावायला लागलं. २०२४ च्या सुधारणेत जुना प्रकाश पर्याय म्हणून परत आणावा लागला.

आपल्या जवळचं उदाहरण पुणे-मुंबईचं. २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'ची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालात होते. तिथून राजपुत्र काळ मागे नेणारा खंजीर पळवतो. हा गेम नव्यानं विणायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना मिळालं. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, जानेवारी २०२१ ची तारीख ठरली. झलक बघून लोकांनी चेहरे आणि रंगांवर टीकेची झोड उठवली. तारीख पुढे गेली, परत गेली, मे २०२२ मध्ये काम मूळ गावी मॉन्ट्रियलला हलवलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये तो गेम रद्दच झाला. टीका झाली ती पोतावर. राजपुत्राची उडी चुकते आणि खंजिरानं काळ मागे घेता येतो, त्या क्षणाची वीण कशी जमली होती, हे हातात घेऊन चोळून बघायची वेळ खेळणाऱ्यावर आलीच नाही.

कुणी शंका काढेल: मग जुन्याला हातच लावू नये का? तसं नाही. २०१९ चा 'रेसिडेंट ईव्हिल २' पहिल्या धाग्यापासून नवा विणलेला आहे. १९९८ च्या गेममध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला असायचा, इथे तो नायकाच्या खांद्यामागे आला. पण गोळ्या कमीच ठेवल्या, सामान ठेवायची जागा अपुरीच ठेवली, आणि पाठीमागून येणाऱ्या पावलांची धास्ती तर वाढवली. करणाऱ्यांना ताणा कोणता आणि बाणा कोणता हे ठाऊक होतं, म्हणून एवढं बदलूनही कापड तेच राहिलं.

आमच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून आम्ही 'आयजीआय' खेळायचो. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओचा हा २००० सालचा गेम. त्यात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. वीस मिनिटं कुंपणाकडेनं सरकत जावं, एका कॅमेऱ्यानं बघावं, भोंगा वाजावा आणि सगळं पहिल्यापासून. तेव्हा आम्ही यावर चिडायचो. पण एक पोरगा माऊसवर बसलेला आणि चौघं त्याच्या खुर्चीमागे श्वास धरून उभे, हे दृश्य त्या उणिवेनंच विणलं होतं.

'आयजीआय' अजून एचडी होऊन आलेला नाही. आला, तर गवताचं पातं न् पातं दिसेल, बर्फ चकाकेल. मी आधी मोहिमेत अर्ध्यावर जाऊन सेव्हचं बटण शोधीन. ते नसलं, तर पुढे खेळीन.