कोणता केसरी भारी?

जत्रेच्या फडाला आलेला सातारा-सांगलीकडचा प्रेक्षक कुस्तीचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी लावतो. कुंडलच्या मैदानात हलगी टिपेला पोहोचते, पाठ मातीला लागते आणि पंचांचा हात वर जायच्या आत टोप्या हवेत उडतात. अस्मान दिसले तर निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवायची. पंच चुकलाच, तर त्याला हजारो साक्षीदार असतात.

गुणांवरच्या कुस्तीत डाव कोणी मारला हे सगळ्यांना दिसते, पण त्याचे मोल पंच ठरवतात. खाली घेऊन ताबा मिळवला की 2 गुण; उभ्या मल्लाला थेट धोकादायक स्थितीत टाकले तर 4. एप्रिल 2022 मध्ये साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला 5-4 असे हरवून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. लढत इतकी अटीतटीची असली की एका इशाऱ्यावर वर्षाची मेहनत पणाला लागते.

त्यात ही स्पर्धा माती आणि गादी अशा दोन विभागांत चालते आणि दोन्हींकडचे विजेते किताबासाठी भिडतात. साहजिकच गावोगावी वाद रंगतो: यंदा माती भारी की गादी? जानेवारी 2023 मध्ये पुण्यात माती विभागात महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला 4 गुण मिळाले आणि सिकंदर शेख बाद झाला. सिकंदर धोकादायक स्थितीत गेलाच नव्हता, असा आक्षेप राज्यभर गाजला. पुढे गादीच्या शिवराज राक्षेने महेंद्रला हरवून गदा जिंकली. त्यावरून गादी सरस म्हणायची, तर मातीतून योग्य मल्ल पुढे आला होता का, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेच आणखी वाढला. संघटनांच्या भांडणामुळे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदरने शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केले. काही दिवसांतच धाराशिवला शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा घेतली. दोन संयोजक, दोन पंचमंडळे, किताब मात्र एकच. यातली कोणती गदा मोठी, हे कोणत्या मापाने ठरवायचे?

पंचांवरचा अविश्वास काय करतो, ते फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला दिसले. पृथ्वीराज मोहोळविरुद्ध आपण चीत झालोच नाही, असे म्हणत शिवराजने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. त्या कृत्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण त्यानंतर सांगलीच्या चंद्रहार पाटलांसारख्या डबल महाराष्ट्र केसरीने आपल्या गदा परत करण्याची भाषा केली, तेव्हा हा राग एका मल्लापुरता उरला नव्हता.

दाद मागायची वाट खुली असली तर काय होते, हे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी दाखवले आहे. 1952 च्या ऑलिंपिकआधी, जाणूनबुजून एक गुण कमी देऊन आपल्याला डावलले, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे धाव घेतली, पुन्हा कुस्ती लागली, ती त्यांनी मारली आणि हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फेरलढत झाली नसती, तर त्या वर्षीची भारताची ताकद कागदावर कमीच दिसली असती.

आज मल्लाने कोणा महाराजांचे दार ठोठावायची गरज पडू नये. दोन्ही संघटनांनी पंचांची एकच यादी मान्य करावी, लढणाऱ्या दोघांच्या जिल्ह्यांबाहेरचे पंच नेमावेत. वादग्रस्त चितपटीची चित्रफीत तिथल्या तिथे तपासावी आणि 4 गुण का दिले, याचे कारण लेखी जाहीर करावे. तेवढे झाले, तर माती भारी की गादी, फुलगाव मोठे की धाराशिव, या वादांना काही आधार मिळेल. तोवर मोजदाद मल्लांच्या ताकदीची होते की पंचांच्या मर्जीची, हे तालमीत घाम गाळणाऱ्या पोराला कोणी सांगू शकणार नाही.