झेपेल तेवढे सामर्थ्य

वडिलांनी 1997 साली घेतलेल्या मारुती 800 चे इंजिन गेल्या वर्षी तेल जाळू लागले. गाडी मोडीत काढण्यास मन धजेना. यास्तव इंजिन बदलण्याचे ठरवून आम्ही बापलेक बंगळुरातील शिवाजीनगरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. मेकॅनिकने त्याच जातीचे, तीन सिलिंडरांचे 796 घनसेंटिमीटरचे इंजिन दाखविले. चिरंजीवांची दृष्टी मात्र एस्टीमच्या चार सिलिंडरी, 1298 घनसेंटिमीटरच्या इंजिनावर खिळली होती. “बाबा, बदलायचेच आहे, तर मोठे का नको?”

हा प्रश्न पोरकट नव्हता. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच आहे. येथील विरळ हवेत साध्या इंजिनाचे बळ जवळजवळ एक दशांशाने घटते. शिवाय वडिलांची गाडी म्हणजे वडिलांचे इंजिन नव्हे. ‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला हेच पटवितो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. या साऱ्यांच्या जुळणीस आपण रथ म्हणतो. मग एक भाग बदलला, तर बिघडले कोठे?

परंतु रथपण जर जुळणीत असेल, तर जुळणी मोडणारा भाग रथच मोडतो. या गाडीची पुढचीच दोन चाके तिला ओढतात, वळवितात आणि थांबविण्याचा बहुतेक भारही तीच वाहतात. तिचे ब्रेक, गिअरपेटी, आस हे सारे चाळीस अश्वशक्तीच्या आतील इंजिनासाठी घडलेले. धावण्याचे बळ उसने आणता येते. थांबण्याचे बळ त्याबरोबर आपोआप येत नाही. आणि गाडी थांबली नाही, तर त्याची किंमत रस्ता ओलांडणारा एखादा अनोळखी माणूस मोजतो. त्याची संमती आपण कोठे घेतलेली असते?

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ घडणीशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते; सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्याचाच पुनरुच्चार केला. “कागदाचे पाहून घेऊ,” असे मेकॅनिक सहज म्हणाला, आणि मी चपापलो. आयुष्यभर इतरांच्या फायलींवर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारणारा माझा हात क्षणभर खिशाकडे गेला होता! नियमाची खरी कसोटी दुसऱ्याच्या अर्जावर लागत नाही. ती आपल्या लाडक्या वस्तूपाशी लागते.

आम्ही लहान इंजिनच घेतले. चिरंजीव खट्टू झाले. घरी आल्यावर मी त्यांना एवढेच म्हणालो, की तुझ्या आजोबांनी ही गाडी वेगासाठी घेतली नव्हती. चार माणसे सुखरूप घरी यावीत म्हणून घेतली होती. तेवढे काम ती अजून करू शकते.

ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी नोंदणीपुस्तकातील बदलाच्या अर्जावर नव्या इंजिनाचा क्रमांक त्यांनीच, एकेक आकडा पडताळून, स्वच्छ अक्षरात लिहिला.